त्या फोटोतली उघडी चोच

माझ्या जावयाने काढलेला एका बुलबुलीचा फोटो सध्या मोबाइलवर फार फिरतोय. पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, चोच उघडी, पायाशी तीन पिल्लं. खाली लिहिलंय, 'आईची माया'. लोक हात जोडतात, बदाम पाठवतात. परवा आगाशीच्या बाजारात एकाने मलाच तो दाखवला. म्हणाला, "काका, तुमच्या वाडीतली ना? बघा कशी गातेय."

गातेय म्हणे.

मी चौथी शिकलेला माणूस. पण सगळा जन्म वाडीत गेला. गाणारं पाखरू कुठलं आणि उन्हाने धापा टाकणारं कुठलं, एवढं मला कळतं.

घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेली लिंबोण आहे. ती हिने लावलेली. ही म्हणजे माझी बायको, मागच्या श्रावणात गेली. त्या लिंबोणीत दरवर्षी बुलबुल घरटं करतात. केवढं, तर आमटीच्या वाटीएवढं. घरटं दिसलं की हिचा कायदा सुरू. त्या अंगाचं लिंबू तोडायचं नाही, धुण्याची दोरी तिथून हलवायची. एका वर्षी मी झाड साफ करायला कोयती घेऊन गेलो, तर म्हणाली, "आधी आपल्या घराची कौलं उतरवा, मग तिच्या डोक्यावरचं काढा." बोलायला तशीच होती. मी उलट बोललो की दोन दिवस आमटी अळणी.

या वैशाखात ही नव्हती, बुलबुल मात्र आले. घरटं दिसलं तेव्हा सांगावं कोणाला हेच कळेना. म्हणून मुलीला फोन केला. ती माणिकपूरला राहते. तिथेच चुकलो. रविवारी मुलगी आली आणि मागोमाग जावईबापू. गळ्यात कॅमेरा, पुढे दुधी भोपळ्याएवढं भिंग. मागच्या पडवीत तिपाई लावून बसले.

खोटं कशाला सांगू, त्यांनी मला त्या भिंगातून बघायला दिलं तेव्हा मी हरखलो. दहा हातांवरची बुलबुली नाकासमोर आली. डोळ्यातला ठिपका दिसला, बुडाखालची तांबडी पिसं एकेक मोजता आली असती. हिला हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं.

मग जावई म्हणाले, "बाबा, पुढची फांदी मध्ये येतेय. आणि वरचीमुळे उजेड अडतोय."

आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. पहिलं पान त्याचं, मासळीतला मधला तुकडा त्याचा. त्याने मागितलं आणि सासऱ्याने दिलं नाही, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. मी कोयती आणली आणि दोन्ही फांद्या उतरवल्या. एकेका घावात. हात अडखळला नाही, हे मुद्दाम लिहितो.

ऊन डोक्यावर आलं तशी बुलबुली आली. पिल्लांवर उभी राहिली आणि पंख पसरले. पिल्लांना अजून पिसंही फुटली नव्हती, नुसती लाल कातडी.

"काय पोज दिलीय," जावई म्हणाले.

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. चोच उघडी, जीभ बाहेर, गळा लकलक हलतोय. म्हटलं, "जावईबापू, ती भाजतेय. मी वर गोणपाट बांधतो."

"पाच मिनिटं थांबा ना बाबा. हाच तर क्षण आहे. गोणपाट आलं की फोटो गेला."

मी थांबलो. एका हातात गोणपाट, दुसऱ्यात सुतळी, आणि मी माझ्याच अंगणात मजुरासारखा उभा. पाच मिनिटं कसली, पाऊण तास. ही असती तर म्हणाली असती, "ते नळकांडं आत ठेवा आणि जेवायला बसा." जावई असो नाहीतर जिल्ह्याचा कलेक्टर.

ते जेवायला बसले तेव्हा मी गोणपाट बांधलं. त्यांनी कोलंबीच्या कालवणावर दोनदा भात घेतला. संध्याकाळी बघितलं तर दोन पिल्लांच्या माना घरट्याच्या काठावरून लोंबत होत्या. तिसरं सकाळी कावळ्याने नेलं. फांद्या गेल्यामुळे घरटं थेट रस्त्यावरून दिसत होतं, त्याला शोधावंही लागलं नाही. हिच्या दहाव्याला त्याच कावळ्यापुढे मी पिंडाला शिव म्हणून हात जोडले होते. बुलबुली दोन दिवस विजेच्या तारेवर बसून ओरडली. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

हिच्या वर्षश्राद्धाला जावयाने तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून आणला. म्हणाले, "आईंच्या फोटोशेजारी लावू या. त्यांना पक्षी आवडायचे."

मग माझं डोकं फिरलं. विचारलं, "ती काय करतेय फोटोत?"

"पिल्लांना जपतेय."

"पिल्लं कुठे आहेत आता?"

जावई हातातल्या चौकटीकडे बघायला लागले. तेव्हा सगळं सांगितलं. दोन कशी गेली, तिसरं कोणी नेलं. गुरुजी बाजूला दर्भ हातात धरून बसलेले. मुलगी म्हणाली, "बाबा, आजच्या दिवशी कशाला?"

"आजच. ते झाड जिचं, तिचंच पान वाढलंय आज."

जावयाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "मला खरंच कळलं नाही. पण तुम्हाला कळत होतं ना? मग तेव्हाच मला का नाही थांबवलंत?"

त्यावर मी आणखीच ओरडलो. पंगत तशीच उठली.

चौकट ते परत घेऊन गेले. मोबाइलवरचा फोटो तसाच आहे. मी निरोप धाडला की फोटो राहू दे, पण खाली खरं काय ते लिहा. ते म्हणतात, लोकांना वाईट वाटेल. वाटू दे की. मला नाही वाटत?

मला ते मोबाइलवर लिहिणं जमत नाही. म्हणून इथवरचं वहीत लिहिलं आणि मुलीकडे दिलं, त्या फोटोखाली घाल म्हणून. तिने उभ्या उभ्या वाचलं. म्हणाली, "फांद्या तुम्ही तोडल्यात, तेही घालू?"

"ते आधी घाल," मी म्हटलं.

अजून घातलेलं नाही. रोज सकाळी फोन करून विचारतो. ती म्हणते, "बघते बाबा." उद्याही विचारणार आहे.