गोळीचा उपास

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्या वर्षी आईच्या छातीचे ठोके चुकू लागले. सोलापुरातल्या डॉक्टरांनी डिजॉक्सिनची गोळी दिली. ती अंगात साचली तर बाधते, म्हणून आठवड्यातून दोन दिवस घ्यायची नव्हती. आईच्या लक्षात राहावं म्हणून डॉक्टर म्हणाले, "तुमचा उपास असेल त्या दिवशी गोळीलाही उपास!" आईचे उपास सोमवार-गुरुवारचे. "लई सोपं हाय की," ती म्हणाली.

त्या भल्या माणसाचं ते सोपं बोलणं अजून माझ्या डोक्यात जातं.

नवरात्रात आईनं नऊ दिवस उपास धरला आणि गोळीही बंद ठेवली. धाप लागली तरी घटापुढून हलेना. 'केवढी निष्ठा' म्हणत शेजारणी तिच्या पाया पडल्या.

दसऱ्याला ती उठलीच नाही. उपास सोडताना घ्यायची म्हणून तिनं गोळी घटाशेजारी काढून ठेवली होती.