पिवळ्या पट्ट्यासाठी नवरा आडवा

मी नवऱ्याच्या छातीवर बसून त्याला मारते, ही बातमी जळगावहून शिरपूरला पोचायला एक दुपार पुरली. बातमी अगदीच खोटी नव्हती. मारत नव्हते, पण छातीवर होते!

झालं असं, की आमच्या शाळेत मुलींसाठी ज्युदोचा वर्ग सुरू झाला आणि सोबतीला एक शिक्षिका हवी म्हणून मला तिथे बसवलं. (सोबत म्हणजे दप्तरं सांभाळणं.) एक दिवस शिकवणारे सर म्हणाले, "बाई, नुसत्या बसता कशाला? उतरा की गादीवर!"

उतरले. पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकले. पुढे, मागे, दोन्ही कुशींवर. लग्न झालेल्या, दोन मुलांच्या बाईला चारचौघांत धाडकन पडायला किती मोकळं वाटतं, हे कोणाला सांगून पटणार नाही. पांढरा पट्टा काही मिळवावा लागत नाही, तो कपड्यांबरोबर येतो. पिवळ्यासाठी मात्र धुळ्याला परीक्षा होती. आणि तो मला हवा होता. घरासाठी, मुलांसाठी हव्या असलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. फक्त मला हवी अशी ही बऱ्याच वर्षांत पहिलीच.

परीक्षेत समोरच्याला पाठीवर पाडून दाबून धरायचं. त्याला सोसेनासं झालं, की त्याने गादीवर थापा मारायच्या; म्हणजे तो हरला. सरावाला घरी एकच माणूस होता.

"अहो, जरा आडवे व्हा."

"आत्ता? सकाळपाळी करून आलोय गं!"

"मग आडवंच व्हायचंय ना?"

हे बिचारे आडवे झाले. मी त्यांच्या छातीवर आडवी पडून मान काखेत आवळली. ह्यांनी फरशीवर थापा मारायला सुरुवात केली, आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या कमलकाकू विरजण मागायला दारात आल्या. विरजण न घेताच गेल्या. त्यांचा भाचा दुपारच्या एसटीने शिरपूरला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि अक्का, म्हणजे माझे सासू-सासरे, दारात हजर! अक्कांनी आधी मुलाचा सदरा वर करून पाठ तपासली.

"कुठे लागनं रे?"

"अक्का, मला काही लागलं नाही."

"बायकोना धाकमा बोलस तू!"

आबा खुर्चीत बसले. "सूनबाई, हाई काय ऐकी ऱ्हायनू मी? बठ्ठा गावमा बोंब शे!" सगळ्या गावात माझीच बोंब होती.

मी सगळं सांगितलं. वर्ग, पट्टा, धुळे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेळ शे ना? मंग दखाड."

सासऱ्यांसमोर नवऱ्याला लोळवायची वेळ कोणत्याही सुनेवर येऊ नये! डोक्यावरचा पदर सावरत मी ह्यांना खाली घेतलं. पदर ह्यांच्या तोंडावर. मी वर. अक्का ओरडल्या, "सोड वं त्याले!" आबा ओरडले, "वळ रे! कुशीवर वळ!" हे वळेनात. लहानपणी आंघोळीच्या वेळी हातातून निसटून गल्लीभर उघडा पळणारा आपला मुलगा कोणीतरी पक्का धरून ठेवलाय, हे बघता बघता अक्कांचा चेहरा बदलला. "दाब वं, दाब!"

ह्यांनी थापा मारल्या. आबा उठले. "धुळे जाय. पट्टा लई ये." घेऊनच यायचा, असा हुकूम होता.

परीक्षेला सगळेच आले. माझ्यासमोर कॉलेजातली एक मुलगी होती, काडीसारखी. मी तिला दाबून धरलं आणि आबांकडे अभिमानाने पाहिलं. पुन्हा समोर पाहते तो मी खाली, ती वर! मी वळायचा प्रयत्न केला, पाय झाडले, शेवटी थापा मारल्या. हॉलभर अक्कांचा आवाज घुमला, "पोरी, सोड वं मनी सूनले!"

परतीच्या एसटीत मी ह्यांना विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला सुटता येत होतं?"

हे खिडकीबाहेर कपाशीची शेतं बघत म्हणाले, "येत होतं."

"मग सुटला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी तू इतकी खूश झालीस! आणि आबांसमोर सुटलो असतो, तर तुला धुळ्याला कोणी येऊ दिलं असतं?"

मला राग आला. त्यांच्या त्या चांगुलपणामुळेच मी नापास झाले होते. पण बायकोच्या हातचा मार खाणारा म्हणून गावभर झालेलं नाव ह्यांनी एका शब्दानेही पुसलं नव्हतं, हेही डोक्यातून जाईना. शेवटी डब्यातली उरलेली पोळी त्यांच्या हातावर ठेवली.

ह्यांना मात्र मी सरावातून काढून टाकलं. त्यांच्या जागी शिरपूरहून अक्का राहायला आल्या. पदर खोचून म्हणाल्या, "ये."

पुढच्या परीक्षेत मला पिवळा पट्टा मिळाला. सर म्हणाले, "बाई, यंदा तयारी जोरात दिसते!" होतीच. महिनाभर रोज सराव केला, आणि त्या महिन्यात आमच्या फरशीवर थापा मारल्या त्या फक्त मी!