२४१ वरून आलेला कॉल

भूतखेत, शकुन, स्वप्नात कोणी येऊन सांगितलं... असलं काही कोणी काढलं की मी उठून चहा टाकायला जाते. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी मला राग नाही. घडलं तसं क्रमाने सांगते, एवढंच.

साताऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरचा कॉल आधी बोर्डावर, म्हणजे आमच्या टेबलावरच्या कन्सोलवर येतो आणि आम्ही तो हव्या त्या एक्स्टेन्शनला जोडतो. दुसरी ऑपरेटर शालन, दहिवडीकडची. तिला मीच चिकटवली, मीच शिकवली. पहिला नियम – कॉल सांगून द्यायचा. आतल्या माणसाशी आधी बोलायचं, त्याने हो म्हटलं की मगच आपण बाजूला व्हायचं. नुसता नंबर दाबून सोडून द्यायचा, तो ब्लाइंड ट्रान्सफर. आमच्याकडे ते पाप.

उन्हाळ्यात शालनने नेमकं तेच केलं. पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा कॉल घाईत २४१ वर सोडला. तो जुन्या टूलरूमचा नंबर. टूलरूम हलली, फोन काढून नेला, पण नंबर ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे कारखान्याच्या फोन जोडणाऱ्या यंत्रात, तसाच राहिला होता. रिंग जातेय, उचलायला कोणी नाही! गिऱ्हाईक भडकलं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, कोणी केलं? मी म्हटलं, "बोर्डावर चूक झाली साहेब, परत होणार नाही." नाव घेतलं नाही. मग इंजिनिअरने येऊन २४१ सिस्टिममधूनच काढून टाकला.

पुढे कळलं, कॉल आपोआप घेणारी नवी सिस्टिम येणार आणि आम्हा दोघींपैकी एकच राहणार.

त्याच आठवड्यातला बुधवार, दुपारचे सव्वातीन. शालन रजा घेऊन गावी. कन्सोलवर आकडे उमटले – २४१. मी उचलला. कपात चमचा फिरल्याचा आवाज... आणि मग शालन.

"साहेब, ताईंस्नी आता कमी ऐकू येतंय. त्यो पुण्याचा कॉल त्यांनीच सोडला व्हता. मी आपली झाकत आलीया."

"लेखी द्याल?" हा साहेबांचा आवाज.

"देते की."

कॉल तुटला. मी तडक साहेबांच्या केबिनकडे गेले. कुलूप! साहेब सकाळपासून सांगलीला. इंजिनिअरला बोलावलं.

"मॅडम, तो नंबरच नाही आता. कॉल येईल कुठून?"

"आला ना. यादी काढा."

त्याने दिवसभराच्या कॉलची यादी छापली. २४१ ते कन्सोल, सव्वातीन. त्याने ती पुन्हा एकदा छापली आणि पिशवी उचलून गेला.

गुरुवारी शालन कामावर आली. डबा खाताना मी विचारलं, "शालन, मला काही सांगायचंय का?"

"न्हाई ओ ताई. का वं?" म्हणाली आणि माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी वाढली. मी खाल्ली.

सोमवारी साहेबांनी तिचा कागद माझ्यापुढे ठेवला. वाक्यं तीच, फक्त शुद्ध मराठीत. "शुक्रवारी इथेच चहा घेता घेता सांगितलं त्यांनी," साहेब म्हणाले. मी कान तपासून घेतले, ठणठणीत निघाले, रिपोर्ट नेऊन दिला. "निर्णय झालाय, मॅडम."

शेवटच्या दिवशी शालनला म्हटलं, "तू काय बोललीस ते मी बुधवारीच ऐकलं होतं. २४१ वर."

तिचा चेहरा उतरला. "बुदवारी? आवं, बुदवारी माज्या मनातबी न्हवतं! शुक्रवारी येष्टीत बसल्यावर ठरलं माजं." मग म्हणाली, "आन् ऐकलं व्हतं तर गुरुवारी तोंडावर का न्हाई बोलला? मी थांबले असते, ताई."

मी पर्स उचलली आणि निघाले.

काढून टाकलेल्या नंबरावरून, न झालेलं बोलणं दोन दिवस आधी कसं आलं, हे त्या इंजिनिअरला सांगता आलं नाही आणि मलाही येत नाही. पण ती थांबली असती, हे मी मानत नाही. मानलं तर माझी नोकरी माझ्याच गप्प बसण्याने गेली, असं होईल.