सेव्हेरोच्या ट्रकचा धुराचा मीटर

झेनोबिया कायिसायाने कुणाला माफ केल्याचं मी कधी पाहिलं नाही. डोंगरावरच्या एल आल्तो शहरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान आहे. ट्रकची वायरिंग, बॅटऱ्या, मीटर. बाप गेल्यावर धंदा तिनेच चालवला. घेरदार घागरा खोचून ट्रकखाली शिरते, आणि नव्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला, "बारा की चोवीस?" गाडीची वीज बारा व्होल्टची की चोवीसची, हे ज्याला सांगता येत नाही त्याला ती मीटर देत नाही. "आधी बॅटऱ्या बघून ये, मग तोंड उघड," म्हणते.

मीटर म्हणजे धुराच्या उष्णतेचा. खालच्या युंगास खोऱ्यातून संत्री भरून खिंडीकडे चढताना हवा विरळ होत जाते आणि इंजिन तापतं. काटा लाल रेघेकडे सरकला की गियर उतरवायचा, पाय हलका करायचा. काटा खोटं बोलला तर पिस्टन वितळतो. माझा मुलगा एद्मुंदो त्याच रस्त्यावर गाडी चालवतो, म्हणून मला हे सगळं पाठ आहे.

झेनोबियाचा धाकटा भाऊ फाउस्तिनो. चार वर्षांपूर्वी त्याने जुना, चोवीस व्होल्टचा, म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्यांचा ट्रक घेतला. आमच्याकडे नव्या गाडीला पाद्रिनो लागतो, गाडीचा मानलेला बाप. पूजेच्या दिवशी तो चारचौघांत काही वस्तू देतो आणि ती बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर जात नाही. पाद्रिनो झाला सुट्या भागांचा दुकानदार सेव्हेरो लिमाची. त्याने धुराचा मीटर दिला. दुकानात पडून राहिलेला, बारा व्होल्टचा.

फाउस्तिनोला कळलं होतं. पण पाद्रिनोची वस्तू परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. सेव्हेरो म्हणाला, "दोन बॅटऱ्या आहेत ना? एकीवरूनच तार घे. बारा मिळाले, झालं काम!"

झेनोबिया त्या वर्षी दूर ओरुरो शहरात होती. नाहीतर तिने ती तार दातांनी तोडली असती. एकाच बॅटरीवर भार पडत राहिला, ती महिन्यामहिन्याने खंगली आणि मीटर कमी दाखवू लागला. एका चढावर काटा शांत होता आणि पिस्टन वितळला. इंजिन बंद पडलं. फाउस्तिनो चाकामागे दगड लावायला उतरला, ट्रक मागे आला, आणि त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला.

सेव्हेरोने बाजारभर सांगितलं, "प्यायला होता." ड्रायव्हर संघटनेनेही तेच मानलं आणि मदत नाकारली. फाउस्तिनो आता बहिणीच्या दुकानात बसून तारा सोलतो.

यंदा सेव्हेरोने स्वतःसाठी ट्रक घेतला. चोवीसचा. ड्रायव्हर म्हणून ठेवला माझा एद्मुंदो. पूजेचं आमंत्रण द्यायला सेव्हेरो गल्लीत आला, तेव्हा झेनोबिया स्वतःहून म्हणाली, "धुराचा मीटर माझ्याकडून. मी माद्रिना, गाडीची मानलेली आई."

सेव्हेरो खुशीने फुगला. या नात्यात बाईला कोमाद्रे म्हणतात, बाप्याला कोंपाद्रे. "झालं गेलं विसरलीस म्हणायची, कोमाद्रे!"

"माझी स्मरणशक्ती तुला अजून माहीत नाही, कोंपाद्रे."

दोन दिवसांनी मला तिच्या टेबलावर खोका दिसला. बारा व्होल्ट.

"झेनोबियाबाई, ती गाडी चोवीसची आहे."

"माहीत आहे."

"त्यात माझा मुलगा बसणार आहे!"

"तेही माहीत आहे. रविवारी ये."

तिला भावाचा पाय दिसत होता, मला माझ्या मुलाचे दोन. घरी येऊन एद्मुंदोला सांगितलं तर हसला. "आई, बसवला तर मी काढून टाकीन."

"माद्रिनाची वस्तू? सेव्हेरोच्या गाडीतून?"

मग मात्र त्याचं हसणं थांबलं.

रविवारी ट्रकला फुलं, रंगीत कागदी पट्ट्या, चाकांवर ओतलेली बिअर. संघटनेचे सेक्रेटरी पुढे उभे. झेनोबियाने खोका बॉनेटवर ठेवला. सेव्हेरोने उघडला आणि त्याचा चेहराच उतरला.

"हा... हा बाराचा आहे."

"मग? दोन बॅटऱ्या आहेत ना? एकीवरून तार घे."

"वेडी आहेस का? बॅटरी मरेल! काटा खोटं दाखवेल, इंजिन जळेल!"

फटाके लावणारा थांबला. झेनोबिया सेक्रेटरींकडे वळली. "ऐकलंत? चार वर्षांपूर्वी याने माझ्या भावाला हेच दिलं, हेच सांगितलं. याला तेव्हाही माहीत होतं." मग सेव्हेरोला, "आता सांग, कोण प्यायलं होतं?"

सेव्हेरो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," कुबड्यांवरून फाउस्तिनो म्हणाला.

"कुणी नाही! तो प्यायला नव्हता! मी खोटं बोललो!"

माझ्यापुरता हिशेब मिटला. झेनोबियाचा नाही. तिने खोका बंद करून काखेत मारला. "चोवीसचा मागवते. माद्रिनाचा मीटर बसेपर्यंत गाडी हलवायची नाही, रीत तुला माहीत आहे." सेव्हेरोच्या दुकानात तसले मीटर रांगेने होते, पण ते लावायची सोय नव्हती.

मंगळवारी संघटनेने फाउस्तिनोचा मदतीचा अर्ज पुन्हा काढला. ट्रक मात्र तिथेच. सेव्हेरो रोज तिच्या दुकानासमोर टोपी हातात धरून उभा. "आला का, कोमाद्रे?" "वाटेत आहे." मीटर तिच्या फळीवर होता, मी पाहिला होता. एका संध्याकाळी मीच विचारलं, "किती दिवस छळणार?"

"तुझा पोरगा कुठे जेवतोय सध्या?"

"घरी."

"मग तुझी काय तक्रार आहे?"

अठरा दिवस एद्मुंदो घरी जेवला. एकोणिसाव्या दिवशी तिने मीटर बसवला, दोन्ही बॅटऱ्यांवरून तार घेऊन, आणि सेव्हेरोला टॉर्च धरून उभं ठेवून.