डावीकडचा ब्रेक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. पोलिसांना जे सांगितलं ते वेगळं होतं, आणि त्याखाली माझी सही आहे — स्वच्छ, वळणदार सही.

मला रडूबिडू येत नाही. जळगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवते, वीस वर्षं झाली. बायकांना शिकवते. ज्यांना नवरा गाडीला हात लावू देत नाही, भाऊ हसतात, सासरे म्हणतात, ‘बाईच्या हातात गाडी म्हणजे रस्त्यावर मरण’ — अशा बायका माझ्याकडे येतात. त्या हसणाऱ्यांशी मी वीस वर्षं भांडत आले. हे आधी सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो. शिकवणाऱ्याच्या पायाखाली. नियमच आहे — शिकाऊ परवान्यावर चालवणाऱ्याच्या शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवा, आणि तो गाडी थांबवू शकेल असा बसलेला हवा. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला तो ब्रेक दाखवते. म्हणते, घाबरू नका, माझा पाय इथे आहे. तुम्ही चुकलात तरी गाडी मी थांबवीन.

अक्कांनाही असंच म्हटलं होतं.

अक्का फैजपूरकडच्या. केळीची शेती, पन्नाशी आलेली, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. साखरेनं नवऱ्याची नजर गेली होती, त्यांचा परवाना पुन्हा होईना, गाडी पोर्चमध्ये चादरीखाली उभी. लेक वैशाली दिली होती पार पिंपळनेरला. तीन एसट्या बदलून त्या माणसाला नेणार कसं? म्हणून बाई शिकायला आल्या. फैजपूरहून बसनं, एक दिवसाआड, अकराच्या बॅचला.

“लेकीच्या दारात मी सोता गाडी नेऊन उभी करीन, मॅडम,” म्हणायच्या. “जावई पाहतच राह्यला पाहिजे.”

हात हलका होता त्यांचा. क्लच सोडायची घाई नाही. चौदाव्या दिवशी मी त्यांना म्हटलं, आता परीक्षेची तारीख घेऊ. त्या लाजल्या. पन्नाशीची बाई अशी लाजताना मी फार कमी वेळा पाहिली आहे.

पंधरावा दिवस. साडेअकरा झाले असतील. कॉलनीतला रिकामा रस्ता, पुढे उजवं वळण. आणि मी —

मी चप्पल काढून डावा पाय सीटवर घेतला होता, उजवा त्याखाली दुमडलेला. मांडीच म्हणा. टाचा दुखत होत्या. हातात फोन, दुसऱ्या एकीची परीक्षेची तारीख भरत होते. ब्रेकवर माझा पाय नव्हता. जवळपाससुद्धा नव्हता.

वळणावरच्या गल्लीतून एक म्हातारे सायकलवर आले. नाना — नाव नंतर कळलं. एका गोदामावर राखणदार होते. अक्कांनी त्यांना पाहिलं. मला ठाऊक आहे, पाहिलं, कारण त्यांच्या तोंडून “मॅडम” निघालं. आणि त्या थांबल्या. म्हणजे गाडी नव्हे, त्या. क्षणभर त्यांनी वाट पाहिली. कशाची? माझ्या पायाची. मीच सांगितलं होतं ना, मी थांबवीन म्हणून.

मग त्यांनी स्वतः ब्रेक दाबला. नीट, पूर्ण. कडेच्या मातीत चाकं घसरल्याचे पट्टे उमटले, हातभर लांब. मी ते खाली उतरून पाहिले.

सायकलच्या मागच्या चाकाला धक्का बसला. नाना कडेच्या नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं.

माणसं जमली. सगळे पुरुष. अक्का स्टिअरिंग धरून बसल्या होत्या, हात सुटत नव्हते. कुणीतरी ओरडलं, “बाई चालवत होती!” दुसरा हसला — हो, हसला — “ब्रेक सोडून अॅक्सिलरेटर दाबला असंल, दुसरं काय! म्हणून म्हणतो, यांनी घरी पोळ्या लाटाव्या.”

सगळे माझ्याकडे बघत होते. काय मॅडम, असंच ना?

मी मान डोलावली.

एवढंच केलं आधी. खोटं मी रचलंसुद्धा नाही. ज्या वाक्याशी आयुष्यभर भांडले ते आयतं पुढे आलं आणि मी ते उचललं. संध्याकाळी पोलीस ठाण्यात तेच जबाबात लिहून दिलं — माझा पाय ब्रेकवर होता, मी दाबलाही, पण यांनी घाबरून अॅक्सिलरेटर दाबला. कुणी पट्टे बघायला गेलं नाही. कशाला जाईल? पटण्यासारखंच होतं सगळं.

खरं सांगितलं असतं तर स्कूलचा परवाना गेला असता. हातात फोन होता, तो गुन्हा वेगळाच. घाबरून तोंडातून निघून गेलं, असंही नाही. ठाण्याच्या बाकावर तासभर बसून मी नीट विचार केला होता.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट अशी, की अक्कांचा माझ्यावर विश्वास बसला. त्यांनी दाबला होता तो ब्रेकच. पण मी म्हटलं अॅक्सिलरेटर, तर अॅक्सिलरेटर. माझ्या हाताला धरून म्हणाल्या, “माह्याच पायानं घात केला, मॅडम. तुमच्या नावाला बट्टा लागला माह्यापायी.” मी काय म्हटलं असेल? म्हटलं, होतं असं कधीकधी, अक्का.

खटला उभा राहिला. वकिलानं सल्ला दिला — कबूल करा, लवकर सुटाल. सोबत म्हणून मी गेले होते. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? अक्का पदर सावरून म्हणाल्या, “हो साहेब. कबूल आहे.”

दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. म्हणजे दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथंच बसून राहायचं. अक्का मागच्या बाकावर बसल्या, भिंतीला टेकल्यासुद्धा नाहीत. माझी दोनची बॅच होती. निघाले तर त्यांनी पिशवीतून केळी काढून माझ्या हातात दिली. “उपाशी नका राहू. माह्यापायी दिवस गेला तुमचा.”

ती केळी मी गाडीत बसून खाल्ली. भूक लागली होती.

पुढे नानांना मुलानं अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी नेलं. काठी धरून चार पावलं, तेवढंच चालणं उरलं. अक्का महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जायच्या, दोन एसट्या बदलून, सोबत डबा. एकदा बसस्टँडवर मला भेटल्या. “नाना काही बोलत नाहीत हो,” म्हणाल्या. “त्यांच्या अहिराणीत म्हणतात, जाऊ दे माय, व्हई गयं. पण मलेच जाऊ देता येत नाही.”

मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, तुमची बस लागली, अक्का.

त्यांनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. पोर्चमधल्या गाडीवरची चादर तशीच राहिली.

यंदा उन्हाळ्यात वैशाली महिनाभर माहेरी आली आणि माझ्याकडे शिकायला आली. फैजपुरात आता दुसऱ्या कुणाची स्कूल निघाली आहे. पण आईचा हट्ट — शिकायचं तर मॅडमकडेच, त्यांची काही चूक नव्हती. पहिल्या दिवशी मी तिला डावीकडचा ब्रेक दाखवला. नेहमीचं वाक्य म्हटलं. तिनं वाकून तो पाहिला. मग विचारलं, “आईच्या वेळीही होता ना तुमचा पाय इथे?”

पाच वर्षं झाली होती. गाडीत आम्ही दोघीच होतो. तिनं टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं.

“होता,” मी म्हटलं. “चला, गाडी सुरू करा.”

वैशाली पास झाली. परवा आई-वडिलांना घेऊन पेढे द्यायला आली, पोर्चमधल्या त्याच गाडीची चादर काढून, तिच्यातून. मला घरापर्यंत सोडते म्हणाली. वडील पुढे, मी आणि अक्का मागे. अक्का खूश होत्या, लेकीचं कौतुक सांगत होत्या. आणि प्रत्येक वळणावर, बोलता बोलता, उजवा पाय उचलून मागे आखडून घेत होत्या — काही चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. मागच्या सीटवर. जिथे दाबायला काहीच नव्हतं.