भावजींना मी बेटावर सोडलं

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई दिसायला तर गरीब होती. माझ्या थोरल्या दिरांनी सोलापुरातल्या झाडून सगळ्या लग्नांत, बारशांत आणि साखरपुड्यांत माझं हसं केलं. ते मी कितीतरी वर्षं पोटात ठेवलं आणि गेल्या थंडीत एकदाचं बाहेर काढलं. त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही.

आमचे भावजी म्हणजे घरातले सहलीचे तज्ज्ञ. कुठं जायचं, कुठं उतरायचं, काय बघायचं, सगळं तेच ठरवणार. कोकणात जायचं ठरलं तेव्हा आम्ही बायका म्हणालो, चार लोक जातात तिथं जाऊ, देऊळ असेल, जेवायची सोय असेल. छे! "जिथं भेळेची गाडी उभी असते तो समुद्र नव्हेच," असं त्यांचं मत. त्यांना माणसाचं पाऊल न पडलेला किनारा पाहिजे होता. रोज जेवण झालं की ते मोबाइलवर निर्जन बेटावर अडकलेल्या माणसांचे व्हिडिओ बघत आणि आम्हाला शिकवत. चष्म्याच्या भिंगानं जाळ कसा करायचा, नारळ दगडावर कसा फोडायचा, खारं पाणी का प्यायचं नाही, वाळूत मोठी अक्षरं काढून विमानाला खूण कशी करायची. घरातला गॅस संपला तर यांना सिलिंडर बदलता येत नाही. पण बेटावर म्हणे ते महिनाभर सहज काढतील.

गाडी माझ्या नवऱ्यानं चालवली. भावजींनी शोधलेला किनारा खरोखरच सुनासुना होता, लांबवर मासे वाळत घालणाऱ्या चार बायका तेवढ्या दिसत होत्या. किनाऱ्यापासून जरा आत काळ्या खडकांचं एक छोटं बेट होतं, आणि तिथंपर्यंत ओली वाळू उघडी पडलेली. भावजींचे डोळे चमकले. "चला, बेटावर डबा खाऊ!"

मी म्हटलं, "भावजी, पाणी परत आलं तर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मी कालच जन्मले. "अगं, तू धरणाकाठची ना? तुझ्या माहेरी उजनीचं पाणी उतरलं की काय होतं? उतरलं म्हणजे उतरलं. लोक त्यात कलिंगडं लावतात. पुढच्या पावसापर्यंत येतंय का परत?"

आता आमची अक्कल बघा. आम्ही सोलापूरकडची माणसं. आम्हाला पाणी ठाऊक आहे ते धरणाचं. ते उन्हाळाभर हळूहळू मागं सरतं, जुन्या गावांच्या भिंती वर येतात, लोक पायी चालत जाऊन बुडालेल्या देवळाला नारळ फोडून येतात. एकदा जमीन उघडी पडली की ती आपलीच. दिवसातून दोनदा जाऊन येणारं पाणी आमच्यातल्या कुणी जन्मात बघितलं नव्हतं. भरती-ओहोटी शाळेत शिकलो होतो की, पण परीक्षा संपल्यावर ती कोण लक्षात ठेवतं! त्यामुळं भावजींचं बोलणं सगळ्यांना पटलं.

जाऊबाई ऊन नको म्हणून गाडीतच बसल्या, नवरा गाडी चालवून दमला होता तो झोपला. सासूबाईंना मात्र समुद्राच्या मधोमध बसून भाकरी खायची होती. त्यांचे गुडघे गेलेले. एका बाजूनं मी, एका बाजूनं भावजी, असं धरून आम्ही त्यांना नेलं. माझ्या डोक्यावर पाण्याचा मोठा कॅन. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असं पोटभर जेवलो. भावजी वाऱ्यावर केस उडवत फोटो काढत होते. खोटं कशाला बोलू, मलाही लई भारी वाटत होतं.

जेवण झाल्यावर मी डबे धुवायला खडकांच्या पलीकडं गेले. परत येऊन बघते तर भावजी नाहीत. ते पाण्यात होते, निम्म्या वाटेवर, आणि पाणी त्यांच्या कमरेला लागलेलं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चपला, दोन्ही हात वर. ज्या वाळूवरून आम्ही आलो ती गायब.

"आत्याबाई, भावजी कुठं निघाले?" मी ओरडले.

"होडी आणाय गेलाय," सासूबाई म्हणाल्या. खडकावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

थांबलो. माझा फोन गाडीतच राहिलेला. होडी येईना. पाणी खडकाच्या बुडाला लागलं, मग आमच्या पायांना लागलं. खडकावर चिकटलेले बारके शिंपले बघितले तर ते माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत होते. म्हणजे एवढा सगळा खडक पाण्याखाली जातो, हे मला तेव्हा कळलं. सासूबाई माझा हात सोडेनात. "मला टाकून जाऊ नगं गं," एवढंच म्हणत होत्या.

धरणाकाठची पोरं पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून. मीही तशीच शिकले. कॅनमधलं उरलेलं पाणी ओतून दिलं, झाकण गच्च बसवलं. बांधायला दुसरं काही नव्हतं, म्हणून अंगावरची साडी सोडली. तिनं तो कॅन सासूबाईंच्या छातीशी आवळून बांधला आणि उरलेलं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं. म्हातारीला पाण्यात उतरवताना ती आधी किंचाळली, मग तिनं डोळे मिटून घेतले. खारं पाणी नाकातोंडात जात होतं, लाट आली की ती माझ्यापासून लांब जायची, मी परत ओढायची. कशी पोचले ते मला नीट सांगता येत नाही. पायाला वाळू लागली तेव्हा मी रडत होते एवढं आठवतं.

मासेवाल्या बायका धावत आल्या. एकीनं आपली ओढणी माझ्या अंगावर टाकली. आणि आमचे भावजी? झोपलेल्या माझ्या नवऱ्याशेजारी गाडीत बसून, वाटेत घेतलेलं शहाळं पीत होते. मला बघून म्हणाले, "आलात का? मी होडीचंच बघत होतो."

एवढ्यावर थांबले असते तरी मी एखादवेळेस विसरले असते. माणूस घाबरतो. पण भावजींनी सोलापुरात येऊन गोष्टच फिरवली. त्यांच्या गोष्टीत पाणी परत येत नाही असं म्हणणारी मी. हट्टानं बेटावर जाणारी मी. भावजी बिचारे कमरेएवढ्या पाण्यातून मदत आणायला धावले, पण आमच्या धाकटीला कुठला दम! "आणि मग आमची धाकटी," ते पानाचा तोबरा सावरत म्हणायचे, "परकर-पोलक्यावर समुद्रातून वर आली, सगळा किनारा बघत उभा!" की मांडवभर हशा. लहान पोरं माझ्याकडं बघून खिदळायची. लग्नात मी वाढायला उभी राहिले तर कुणीतरी म्हणणारच, "काकू, समुद्राची गोष्ट खरी आहे का हो?"

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "सोड गं, मोठा भाऊ आहे, चेष्टा करतोय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या साडीवर त्यांची आई जिवंत आली त्या साडीवर हे हसत होते. मला पैसा नको होता, माफीही नको होती. मला एवढंच पाहिजे होतं, की ज्या तोंडानं हे चारचौघांत मला नागवं करतात त्याच तोंडानं, त्याच चारचौघांत, "मी पळालो" असं म्हणावं. भांडी घासताना मी मनात ते वाक्य ऐकायची.

गेल्या थंडीत भावजींनीच मान माझ्या हातात दिली. माझा भाऊ उजनीच्या बॅकवॉटरला मासेमारी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना होडीतून फ्लेमिंगो दाखवतो. त्याच्या रानात हुरड्याला सगळं सासर बोलावलं होतं. चुलत दीर, जावा, त्यांच्या सुना-नाती, सगळा गोतावळा. आणि भावजी म्हणाले, "इथं एखादं निर्जन बेट नाही का गं? जरा एकटं बसावं म्हणतो."

"हाय की," मी म्हटलं. "एकदम निर्जन हाय."

पाण्याच्या मधोमध एक जुनं टेकाड आहे. चार बाभळी, बाकी दगडगोटे. भावाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, म्हातारा माणूस हाय, ऊन लागंल." मी म्हटलं, "मला समुद्र लागला होता, तेव्हा कुणी विचारलं का?" तो होडीचा दोर सोडायला लागला. होडीत ठेवलेली पाण्याची बाटली मी स्वतः काढून घेतली. भावजी डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, असे राजासारखे निघाले. भावानं त्यांना उतरवलं आणि होडी घेऊन सरळ परत आला.

आम्ही हुरडा भाजून खात होतो. बऱ्याच वेळानं माझा फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला.

"अगं, होडी कुठाय?"

"येईल की भावजी. तुम्ही तर महिनाभर राहू शकता ना बेटावर?"

ते हसले. बाकीचेही हसले. मी म्हटलं, "आधी समुद्रावर काय झालं ते सांगा. सगळे ऐकतायत. खरं सांगितलं की होडी निघाली."

भावजी चिडले. मग त्यांनी नेहमीची गोष्ट सुरू केली, मी फोन कट केला. परत वाजला. परत तीच गोष्ट, परत कट. आता हुरड्याच्या भट्टीभोवतीचं हसणं थांबलं होतं. नवरा उठून माझ्याजवळ आला, "पुरे कर, तमाशा नको." मी त्याच्याकडं बघितलं तसा तो खाली बसला. आतून असं काही गार वाटत होतं म्हणून सांगू! भाजलेल्या कणसाची एक मूठ चोळून मी निवांत खाल्ली.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा भावजींचा आवाज बसलेला होता. "तहान लागलीय गं."

"मग बोला."

"पळालो मी," ते ओरडले. "बास? पाणी बघून घाबरलो आणि पळालो. होडी आणायला गेलोच नव्हतो. झालं समाधान?"

जाऊबाईंनी मान खाली घातली. इतकी वर्षं जे ऐकायला तडफडत होते ते मी ऐकलं, आणि वाटलं, आणखी एकदा म्हणायला लावावं. तेवढ्यात भावजी म्हणाले, "आणि मला एकट्याला कशाला फाडतेस? आईनंच सांगितलं पळ म्हणून. विचार की तिला. शेजारीच बसली असेल."

सासूबाई खरंच शेजारी बसल्या होत्या, पदरात हुरडा घेऊन. मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं त्या म्हणतील, खोटं बोलतोय मेला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच म्हणलं. तू डबं धुवाय गेलतीस. त्याला पवाय येत न्हाय. पाणी चढाय लागलं, मी म्हणलं, जा बाबा तू, हिला येतंय पवाय, ही बघंल माझं."

"मग मला का नाही हाक मारली? तिघं मिळून तेव्हाच निघालो असतो. पाणी कमरेएवढंच होतं."

त्या हुरड्यातली कुसळं वेचत राहिल्या. "मला धरून चालाय लागला असता तर त्यो बी मागं राहिला असता."

"आणि एवढी वर्षं हे माझ्यावर हसत होते तेव्हा?"

"ल्योक हाय गं माझा," त्या म्हणाल्या. मग पाण्याकडं बघत म्हणाल्या, "आता आण की त्याला. ऊन लागंल."

मी भावाला खूण केली. होडी गेली, भावजी आले, न बोलता माठावर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले. त्यानंतर सोलापुरात ती गोष्ट कुणी सांगत नाही. परवा एका लग्नात एका पोरानं हटकून विचारलं, "आजोबा, समुद्राची गोष्ट?" तर भावजी ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला गेले. मला जेवण गोड लागलं, हे मी नाकबूल करणार नाही.

पण घरी सासूबाई माझ्याकडंच असतात. भावजींच्या घरी त्यांना जिना चढवत नाही. त्या प्रत्येक मांडवात माझ्या शेजारी बसलेल्या असायच्या, आणि हशा झाला की पदर तोंडाला लावून त्याही हसायच्या. म्हातारपणी समजत नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता मी त्यांना आंघोळ घालते, पाठ पुसते, भाकरी दुधात कुस्करून देते, औषध वेळेवर देते. कुणाला बोट ठेवायला जागा नाही. फक्त त्या दिवसापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही.

पहिले काही दिवस त्या मुकाट्यानं बघत होत्या. मग शेजारणीला हाका मारायला लागल्या. शेजारीण दिवसभर कामावर असते. काल संध्याकाळी घरात आम्ही दोघीच होतो. त्यांनी कॉटवरून माझा पदर धरला आणि म्हणाल्या, "बोल की गं कायतरी माझ्यासंगट. आसं टाकू नगं."

मी त्यांच्या बोटांतून पदर सोडवला, चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि आत निघून आले.