दादाचे तेरा दिवस

दादाला जाऊन महिना झाला. राहुरीजवळच्या आमच्या डेअरीचं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलेलं. आज ते आम्ही एआयकडून नव्याने लिहून घेत होतो.

सोबत काम करणारी योगिता म्हणाली, "सर, दूध यायचं थांबलं की शेतकऱ्याला नोटीस तेरा दिवसांनी जाते. एआय म्हणतंय, कारण दिसत नाही, तीन दिवस करा. करू का?"

तेराच का, असं मीही पूर्वी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आरं, त्या घरात कुणी गेलं आसंल तर? तेरावा तरी होऊ दे की!"

"तेराच राहू दे," मी म्हणालो आणि कोडमध्ये त्या आकड्याशेजारी कारण लिहिलं. एआयची चूक नव्हती. दादाने ते कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

तुमच्या कामातली अशी कारणं कुणाला ठाऊक आहेत? ती माणसं आहेत तोवर विचारून घ्याल का?